तीनशे एक नंबरचा विद्यार्थी

परीक्षा विभागात बाईंच्या टेबलावर सात शिक्के होते आणि त्यातल्या एकालाही दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे. आवक, जावक, गोपनीय, तपासले, रद्द, शिवाय ‘पाहिले’ असा एक मोघम शिक्का, ज्याचा नेमका अर्थ कुलसचिवांनाही सांगता आला नसता. सातवा वेळेचा. त्याची चाकं बोटाने फिरवून तास आणि मिनिटं जुळवायची आणि दाणकन मारायचा. सत्तावीस वर्षं त्या हे शिक्के मारत होत्या. विद्यापीठात पाठीमागे त्यांना सगळे ‘शिक्केबाई’ म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’.

शाळा संपवून त्या कॉलेजात गेल्या होत्या खऱ्या, पण पहिल्याच वर्षी वडिलांनी अंथरूण धरलं. तीन महिन्यांसाठी म्हणून परीक्षा विभागात चिकटल्या त्या चिकटल्याच. पुढे एका शिंप्याशी लग्न झालं, मुलगी झाली, मुलगी मोठी होऊन याच विद्यापीठात शिकायला आली. बाई आपल्या टेबलावरून हलल्या नाहीत.

उत्तरपत्रिका वाचायच्या नाहीत, फक्त गठ्ठे बांधून लाखेचं सील लावायचं, असा नियम होता. बाई नियमाच्या पक्क्या. पण गठ्ठा बांधताना माणूस डोळे मिटून थोडाच बसणार? एका विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘या प्रश्नाचं उत्तर मागच्या पानावर पाहा.’ मागच्या पानावर लिहिलं होतं, ‘पुढच्या पानावर पाहा.’ दुसऱ्या एकीने चार पानं सुवाच्य अक्षरात भरून शेवटी कबुली दिली होती, की वरचं सगळं कालच्या पेपराचं उत्तर आहे, पण पाठ केलेलं वाया जाऊ नये. तेव्हा ही मुलं इथे येऊन नक्की काय शिकतात याबद्दल बाईंचं स्वतःचं असं एक मत होतं. ते कोणी विचारलं नव्हतं, इतकंच.

मग एका वर्षी कुलगुरू कुठल्याशा परिषदेला जाऊन आले आणि येताना एक प्रश्न घेऊन आले. तिथे त्यांना कोणीतरी चारचौघांत विचारलं होतं, “तुमची मुलं तीन वर्षांत शिकतात किती?” कुलगुरूंनी निकालाची टक्केवारी सांगितली. तो गृहस्थ म्हणाला, “पास किती होतात ते नाही विचारलं. शिकतात किती?” कुलगुरूंना त्या दिवशी जेवण गोड लागेना.

परत आल्या आल्या त्यांनी मापन कक्ष उघडला. त्याचा प्रमुख एक तरुण प्राध्यापक होता. किडकिडीत, उत्साही आणि बोलताना हवेत आलेख काढणारा. सगळे त्याला मापनसर म्हणू लागले. त्याची योजना सरळ होती. दर वर्षी नव्या आलेल्यांतली तीनशे मुलं निवडायची आणि त्यांना चाळीस प्रश्नांची परीक्षा द्यायची. पाठांतराची नाही, विचार करता येतो का, आलेख वाचता येतो का, कोणी थाप मारली तर ती पकडता येते का, असे प्रश्न. तीन वर्षांनी त्याच मुलांना तितकाच अवघड पण वेगळा पेपर द्यायचा. दोन्हींतला फरक म्हणजे विद्यापीठाचं काम.

“म्हणजे घरून काय आणलं ते वजा करायचं,” बाई म्हणाल्या.

“अगदी तसंच!” मापनसर खूश झाला. “बाई, तुम्हाला एक काम सांगू? मशीन नीट वाचतं की नाही ते पाहायला एक पेपर भरून हवाय. मनापासून भरा हं. वेळ किती लागतो तेही कळेल.”

तीनशे विद्यार्थ्यांचे तीनशे नंबर ठरले होते. बाईंच्या पेपरावर तीनशे एक पडला. त्यांनी चष्मा पुसला, दार लावून घेतलं आणि दीड तास खाली मान घालून पेपर सोडवला. शेवटच्या पाच प्रश्नांना खुणेबरोबर एक ओळ कारणही लिहायचं होतं. त्यातला एक प्रश्न असा: ‘एका गावात ज्या वर्षी छत्र्या जास्त खपल्या त्या वर्षी सर्दीही वाढली. तर छत्रीमुळे सर्दी होते का?’ बाईंनी ‘होते’ वर खूण केली आणि कारण लिहिलं, ‘आपली छत्री लोक मागून नेतात व आपण भिजतो.’

मशीनने अकरा गुण दिले.

“मशीन उत्तम चालतंय,” मापनसर म्हणाला आणि निघून गेला.

बाईंच्या मात्र ते अकरा जिव्हारी लागले. सत्तावीस वर्षं प्रश्नपत्रिका हाताखालून गेल्या आणि चाळीसपैकी अकरा? त्या रात्री त्यांनी नवऱ्याला छत्रीचा प्रश्न घातला. नवरा बटण लावत होता. तो म्हणाला, “होते की. माझी परवाच कोणीतरी नेली.” बाईंना एवढं मात्र कळलं, की घरात विचारून भागणार नाही.

प्रश्नांच्या प्रती बाईंच्याच कपाटात होत्या. सील बाईंनीच लावलेलं, किल्लीही बाईंच्याच कमरेला. पण त्यांनी ते कपाट उघडलं नाही. स्वतःच्या हाताने लावलेलं सील फोडणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मात्र डोक्याला कोण सील लावणार? चाळीसातले निदान तीस प्रश्न त्यांना शब्दशः आठवत होते आणि ते आतून टोचत होते.

आणि तिथून प्राध्यापकांचे हाल सुरू झाले.

तपासलेल्या पेपरांचे गठ्ठे जमा करायला प्रत्येक प्राध्यापकाला बाईंच्या खिडकीशी यावंच लागे. पोचपावतीवर बाईंचा शिक्का पडल्याशिवाय सुटका नाही. बाई शिक्का शाईवर टेकवत, वर उचलत आणि तसाच हवेत धरत.

“सर, मारतेच आहे. तेवढं एक सांगा. छत्र्या वाढल्या, सर्दी वाढली. मग छत्रीचा दोष का नाही?”

संख्याशास्त्राचे सर घाईत होते. “बाई, दोन्ही पावसाने वाढलं. बरोबर वाढतं म्हणून एकाने दुसरं होत नाही. द्या पावती.”

“असं होय! मग माझं वय आणि नियंत्रकसाहेबांचं टक्कल बरोबर वाढतंय…”

“त्यातही तिसरंच काहीतरी आहे,” सर म्हणाले, आणि हसून पाच मिनिटं जास्त थांबले. दाणकन शिक्का पडला.

अर्थशास्त्राच्या मॅडमना त्यांनी खालून कापलेला, म्हणजे शून्यापासून सुरू न होणारा, आलेख विचारला. दोन मजुरांच्या कामात एवढासा फरक, पण चित्रात एकजण दुसऱ्याच्या दुप्पट दिसतो, तो कसा? मॅडमनी पावतीच्या मागे आलेख काढून दाखवला आणि पावती शाईने भरली म्हणून दुसरी करावी लागली. तर्कशास्त्राचे म्हातारे सर तर एका प्रश्नावर दोन तास बसले. निघताना गठ्ठा जमा करायचाच विसरले. भौतिकशास्त्राचे सर तापट. दोनदा अडवल्यावर ते स्वतः यायचे बंद झाले आणि शिपायाबरोबर गठ्ठा पाठवू लागले. बाईंनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली, ‘सरासरी वाढली पण बहुतेकांचं कमी झालं, हे कसं? उत्तर लिहून द्यावे, पोचपावती तयार आहे.’ सरांनी रागारागाने उत्तर लिहून पाठवलं. मागच्या पानावर एक उदाहरणही दिलं, तेही रागानेच.

तीन वर्षं हे असं चाललं. जुने प्रश्न सुटले तसे बाईंना नवे दिसू लागले. वर्तमानपत्रातल्या जाहिराती वाचून त्या एकट्याच हसत. नव्वद टक्के दंतवैद्य अमुक मंजन सुचवतात म्हटलं की विचारत, “किती जणांना विचारलं? दहा?” नवऱ्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक म्हणालं, की निळ्या शर्टाने त्याला नोकरी मिळाली. तेव्हा बाईंनी त्याला निळे शर्ट घालून नोकरी न मिळालेल्यांची संख्या विचारली. नवरा गिऱ्हाईक गेल्यावर म्हणाला, “अगं, तो दुसरा निळा शिवायला टाकणार होता!”

मुलगीही त्या तीनशेंत होती. पहिल्या वर्षी ती घाबरत परीक्षेला बसली होती आणि नव्वद मिनिटांतली सगळी नव्वद वापरून आली होती.

तीन वर्षं भरली आणि दुसऱ्या परीक्षेचा दिवस आला. तीनशेंपैकी दोनशे सेहेचाळीस मुलं उरली होती. बाकीची विद्यापीठ सोडून गेलेली. मोठ्या हॉलमध्ये पेपर वाटले आणि बारा मिनिटांत पहिला विद्यार्थी उठला. मग रांगच लागली. तीन वर्षांत मुलांना एक गोष्ट पक्की समजली होती, की या परीक्षेचे गुण कुठेच धरत नाहीत. एकाने खुणांच्या गोलांत मासा काढला होता. एकाने सगळीकडे ‘क’ केलं होतं आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘घाई आहे.’ बाई दाराशी टेबल टाकून बसल्या होत्या. प्रत्येक पेपर हातात येताच त्यावर वेळेचा शिक्का मारत होत्या. पहिल्या परीक्षेलाही त्यांनी तसाच मारला होता. त्याची काही गरज नाही, असं मापनसर दोन्ही वेळा म्हणाला. बाईंनी दोन्ही वेळा ऐकून घेतलं आणि शिक्का मारला.

मुलगी अठराव्या मिनिटाला बाहेर आली.

“एवढ्यात?” बाईंनी दबक्या आवाजात विचारलं.

“आई, मैत्रिणी थांबल्यात. आणि हे कशात धरतात?”

दुसऱ्या दिवशी संगणकावर बसणारी मुलगी बाईंकडे आली. “बाई, सोडून गेलेल्यांची गैरहजेरी भरली. तरी तीनशे एक बाकी दाखवतंय. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही.”

नंबरापुढची नावं कोणाला कळू नयेत म्हणून ती यादी सीलबंद होती आणि बाईंच्या ताब्यात होती. तीनशे एक कोण हे त्यांच्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मापनसर केव्हाच विसरला होता. गैरहजर असा शेरा मारला की काम भागणार होतं. चोपन्न जणांना बाईंनी तो मारलाही होता. पण इथे त्यांचा हात थबकला. गैरहजर कसा म्हणायचा? तो तर रोज साडेनऊला हजर असे.

“पेपर द्या एक,” बाई म्हणाल्या. “विद्यार्थी कळवते.”

दुपारी दार लावून त्या पुन्हा बसल्या. पेपर वेगळा असणार हे त्या विसरूनच गेल्या होत्या; उघडला तर त्यांचे ओळखीचे चाळीस प्रश्न गायब! एकही जुना नाही. तीन वर्षं ज्यांच्याशी झटापट केली त्यांतलं कोणीच भेटायला आलं नव्हतं. बाईंना क्षणभर फसवल्यासारखं झालं. मग पहिला प्रश्न वाचला, दुसरा वाचला, आणि त्यांच्या लक्षात आलं की चेहरे नवे आहेत, खोड्या जुन्याच. त्यांनी बाह्या सारल्या.

निकाल आला आणि विद्यापीठावर अवकळा पसरली. पहिल्या वर्षीची सरासरी एकोणीस, शेवटच्या वर्षीची सतरा. म्हणजे तीन वर्षं शिकवून मुलांकडचं दोन गुणांचं ज्ञान विद्यापीठाने काढून घेतलं होतं. कुलगुरूंनी कागद उलटा धरून पाहिला. मापनसराच्या हवेतल्या आलेखांना उतरती कळा लागली.

एकच नंबर चमकत होता. तीनशे एक. अकरावरून चौतीस!

बुडत्या कुलगुरूंनी तो नंबर घट्ट धरला. माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर या विद्यार्थ्याचा फोटो, खाली ‘आमचं काम’ एवढेच दोन शब्द. शिवाय सत्कार. विभागप्रमुखांत जुंपली. संख्याशास्त्रवाले म्हणाले, एवढी झेप आमच्याकडेच शक्य आहे. अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या, मला अंदाज आहे, मागच्या बाकावर बसणारी ती शांत मुलगी. भौतिकशास्त्राच्या सरांनी तर नावच सांगून टाकलं. तो विद्यार्थी निवडलेल्या तीनशेंत नव्हता एवढीच अडचण.

आणि तीनशे एक नंबरच्या विद्यार्थ्याला शोधून पत्र धाडण्याचं काम ओघाने परीक्षा विभागाकडे, म्हणजे बाईंकडे आलं.

बाईंनी पत्र टंकलं: ‘आपली प्रगती पाहून विद्यापीठास अभिमान वाटतो. तरी सोमवारी अकरा वाजता कुलगुरूंच्या दालनात उपस्थित राहावे.’ जावकचा शिक्का मारला. मग पत्र टेबलाच्या या बाजूकडून त्या बाजूला सरकवलं आणि आवकचा मारला.

घरी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. “आता ओरडतील,” त्या म्हणाल्या.

नवरा कापड मोजत होता. “अगं, तू काय केलंस? मनापासून भरा म्हणाले, तू भरलंस. त्या बाकीच्यांचं सांग. आमच्याकडे गिऱ्हाईक सरळ उभंच राहिलं नाही तर माप कोणाचं घेणार? टेपचा काय दोष?”

मुलगी जेवता जेवता थांबली. तिला पंधरा आले होते. आधी सतरा होते. दोन्ही आकडे तिला कोणी सांगितले नव्हते. “आई,” ती सावकाश म्हणाली, “तीनशे एक तू आहेस?”

बाईंनी ताटात पाहिलं.

“चौतीस?” मुलगी ओरडली. “आणि मी अठरा मिनिटांत उठून आले!”

अठरा मिनिटं. बाई उठल्या, हात धुतले आणि पेपरांवरच्या वेळा उतरवायला वही शोधू लागल्या.

सोमवारी कुलगुरूंच्या दालनात सगळे जमले. मधोमध गुलदस्ता होता. अकरा वाजले, पाच मिनिटं झाली, दार उघडून बाई फायली घेऊन आत आल्या.

“बाई, विद्यार्थी कुठे आहे?” कुलगुरूंनी विचारलं.

“आलाय, सर.”

“मग आत पाठवा ना!”

“आतच आहे,” बाई म्हणाल्या आणि पत्र पुढे केलं. “मीच ती. मशीन तपासायला मला भरायला लावलेला पेपर. सरांना आठवत असेल.”

मापनसराला आठवलं, आणि त्याचा रंग उडाला. “पण बाई, तुम्ही विद्यार्थी नाही! हा आकडा मोजताच येणार नाही!”

“नकाच मोजू,” बाई म्हणाल्या. “मी तेच सांगायला आले.”

“तुम्हाला शिकवलं कोणी?” कुलगुरूंनी विचारलं.

बाईंनी खोलीवरून नजर फिरवली. “या सरांनी. या मॅडमनी. तर्कशास्त्राच्या सरांनी तर दोन तास.” भौतिकशास्त्राच्या सरांकडे त्यांची नजर गेली तसे ते खिडकीबाहेर पाहू लागले. “आणि यांनी लेखी.”

कोणीतरी फिसकन हसलं. कुलगुरू हसले नाहीत. त्यांचं पहिलं पान गेलं होतं. “म्हणजे हातात उरलं काय? उणे दोन!”

“सर, थोडं बोलू?” बाईंनी वही उघडली. “दोन्ही परीक्षांना मी प्रत्येक पेपरावर वेळ मारलीय. पहिल्या वर्षी मुलं सरासरी ऐंशी मिनिटं बसली. आता बहुतेक विसाच्या आत उठली. बसलीच नाहीत तर मोजलं कोणाला? तासाच्या वर बसलेली अडतीस आहेत. त्यांचे आधीचे आणि आताचे गुण काल लावून पाहिले. सरासरी सात गुण वाढलेत.”

मापनसर खुर्चीतून अर्धा उठला. त्याचा हात आपोआप वर चढणारी रेघ काढू लागला. “सात! सर, सात म्हणजे पुष्कळ झाले. हे छापू या!”

“छापू नका,” बाई म्हणाल्या.

“आता काय?”

“जी मुलं गुण कुठेच धरत नसताना तासाच्या वर बसली, ती मुळातच बसणारी असतील. त्यांना तुम्ही शिकवलंत की ती कुठेही शिकली असती, हे यावरून कळत नाही. आणि अडतीस फार थोडी आहेत.”

संख्याशास्त्राच्या सरांनी टेबलावर हळूच थाप मारली. “माझी विद्यार्थिनी,” ते म्हणाले.

“आपली,” अर्थशास्त्राच्या मॅडमनी दुरुस्त केलं.

कुलगुरूंनी गुलदस्ता उचलला, कोणाला द्यावा ते न कळून दोनदा इकडेतिकडे केला आणि बाईंच्या हातात ठेवला. “मग पुढच्या तुकडीला बसवायचं कसं?” त्यांनी विचारलं, आणि या वेळी तो प्रश्न खरोखरच बाईंना होता.

“त्यांना त्यांचा जुना पेपर दाखवा, सर. मार्क सांगा. मला अकरा दिसले म्हणून मी बसले. त्यांना कोणी काही सांगितलंच नाही.”

माहितीपुस्तकाच्या पहिल्या पानावर शेवटी इमारतीचा फोटो छापला गेला. पुढच्या वर्षी दुसऱ्या तुकडीला तिचे जुने पेपर दाखवले तेव्हा शंभरावर मुलं तासभर बसली. वाढ चार गुणांची निघाली. मापनसराला ती कमी वाटली, बाईंना खरी वाटली. भौतिकशास्त्राचे सर पुन्हा स्वतः गठ्ठे आणू लागले, पण जवळ एक कोडं घेऊन येत. आधी बाईंनी उत्तर द्यायचं, मग त्यांनी गठ्ठा द्यायचा. सूड कसा घ्यायचा हे त्यांनाही कळलं होतं. मुलीने तिचे दोन्ही पेपर मागून घेतले आणि दोन दिवस ती ते घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी तिने आईला सांगितलं, की दुसऱ्या पेपरातले नऊ प्रश्न तिने वाचलेच नव्हते. आता वाचले, आठ बरोबर आले.

तर्कशास्त्राच्या सरांनी बाईंचा प्रवेशअर्ज स्वतःच्या हाताने भरला. तो आठवड्यात परत आला. परीक्षा विभागाच्या कर्मचाऱ्यास याच विद्यापीठात परीक्षा देता येणार नाही, असा नियम होता. नियम बाईंनीच वीस वर्षांपूर्वी टंकला होता आणि त्यात पळवाट राहू नये म्हणून एक वाक्य पदरचं घातलं होतं. त्यांनी तो पुन्हा वाचला. पळवाट खरोखरच नव्हती. त्यांना जरा अभिमानच वाटला.

मग त्यांनी दुसऱ्या गावच्या विद्यापीठात टपालाने शिकण्यासाठी नाव घातलं. दोन महिन्यांनी पहिला स्वाध्याय तपासून आला. वीसपैकी चौदा. बाईंनी तो उलटसुलट पाहिला, सहा गुण कुठे गेले ते शोधलं. पाच सापडले. सहाव्यासाठी त्यांनी पाकिटावरचा तपासनिसाचा नंबर पाहिला आणि सरळ फोन लावला.

“नमस्कार सर,” त्या गोड आवाजात म्हणाल्या, “फार वेळ घेत नाही. तेवढं एक सांगा.”